रक्ताची पहिली चाचणी कुठे होते?



मी निवृत्त सुभेदार. सेनेच्या मेडिकल कोअरमध्ये, म्हणजे आम्ही ज्याला एएमसी म्हणतो तिथे, सव्वीस वर्षं लॅबमध्ये काढली. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. भरतीनंतरचं प्रशिक्षण लखनौला, नोकरी सगळ्या देशात, आणि शेवटची पोस्टिंग महूला. मुलांच्या शाळा तिथेच झाल्या म्हणून इंदूरला घर केलं. आज मला ऐकणारे कुणी बडोद्याचे असतील, कुणी बेळगावचे, कुणी हैदराबादचे. गणपतीत आणि शिवजयंतीला रक्तदान शिबिर भरवणारं मंडळ बहुतेक प्रत्येक गावी आहे. म्हणून मी रक्ताबद्दल बोलणार आहे. सैनिकाच्या रक्ताबद्दल. पण तुम्हाला सवय आहे त्या अर्थाने नाही. सांडलेल्या रक्तावर भाषणं पुष्कळ होतात. मी बोलणार आहे ते पिशवीत भरलेल्या रक्तावर, आणि त्यात कधीकधी जे सापडतं त्यावर.

एका प्रसंगापासून सुरुवात करतो. साल १९९७. आसाममधलं एक लष्करी रुग्णालय. वरच्या डोंगराळ भागातून जखमी यायचे, मलेरियाचे पेशंट यायचे, रक्त सतत लागायचं. शेजारच्या युनिटला निरोप गेला की पन्नास जणांना रक्तदानाला पाठवा. सकाळी आठला ट्रक आला. पन्नास जवान उतरले आणि रांगेत उभे राहिले. प्रत्येकाचं वजन, हिमोग्लोबिन, रक्तदाब, मग चार प्रश्न. कावीळ झाली होती का? नाही. ताप? नाही. सुई टोचून घेतली? नाही. बाहेर काही संबंध? नाही. मागे वीस जण उभे, बाजूला त्यांचा हवालदार उभा. सगळ्यांची उत्तरं एकसारखी, परेडच्या आवाजात.

त्यात एक पोरगा होता. माझी नेमप्लेट वाचून त्याने ओळखलं की हा मराठी माणूस. सुई लागली, पिशवी भरायला लागली, तेव्हा तो अगदी हळू म्हणाला, "दादा, एक काम कराल का? माझी पिशवी कुणाला देऊ नका."

मी विचारलं, "का रे?"

"आहे काहीतरी. महिन्यापूर्वीचं. पण इथं सगळ्यांसमोर कसं सांगू? नाही म्हटलं असतं तर हवालदारसाहेबांनी कारण विचारलं असतं."

मी पिशवीवर खूण केली आणि आमच्या मेजरसाहेबांना सांगितलं. त्या वेळी ज्या चाचण्या होत असत त्या सगळ्या केल्या. सगळ्या निगेटिव्ह. मला वाटलं, चला, पोरगा उगाच घाबरला होता, पिशवी वापरायला हरकत नाही. मेजरसाहेब म्हणाले, "नष्ट करा." मी म्हटलं, "सर, रिपोर्ट निगेटिव्ह आहे." ते म्हणाले, "रिपोर्टपेक्षा त्या मुलाला जास्त माहीत आहे."

हे वाक्य मला तेव्हा पूर्ण कळलं नव्हतं. आज तेच तुम्हाला समजावून सांगायचं आहे.

आधी चाचण्या कोणत्या ते पाहू. आपल्या देशात दान केलेल्या प्रत्येक पिशवीवर पाच संसर्गांची तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी म्हणजे गावाकडे जिला पांढरी कावीळ म्हणतात ती, हिपॅटायटिस सी, गरमी म्हणजे सिफिलिस, आणि मलेरिया. हे पाचही एकदम आले नाहीत. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ ची. रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची झाली १९८९ मध्ये. हिपॅटायटिस सीचा विषाणू तर जगाला ओळखता आला तोच १९८९ मध्ये, आणि आपल्याकडे त्याची तपासणी बंधनकारक झाली २००१ मध्ये. म्हणजे मी नोकरीची पहिली बारा-तेरा वर्षं ज्या पिशव्या हाताळल्या, त्यांच्यावर 'सी'ची सक्ती नव्हती. आम्ही निष्काळजी होतो असं नाही. नियमात ती चाचणी अजून आलीच नव्हती.

ज्या रोगाची चाचणी नाही, त्याच्यापासून पेशंटला वाचवणारी एकच गोष्ट असते. रक्त देणाऱ्याला नीट विचारलेला प्रश्न, आणि त्याने दिलेलं खरं उत्तर.

याची किंमत एका सैन्याने फार मोठी मोजली आहे. दुसरं महायुद्ध, साल १९४२. अमेरिकेच्या सैनिकांना परदेशी पाठवण्याआधी पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस दिली गेली. लस टिकावी म्हणून तिच्यात माणसाच्या रक्तातलं सीरम मिसळलेलं होतं. ते सीरम देणाऱ्यांपैकी काहींना आधी कावीळ होऊन गेली होती. थोड्याच महिन्यांत छावण्यांमध्ये कावीळ पसरली. सुमारे पन्नास हजार सैनिक रुग्णालयात गेले. हिपॅटायटिस बीचा विषाणू तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. बरुच ब्लूमबर्ग यांना त्याचा धागा सापडला तो १९६० च्या दशकात, आणि १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९८० च्या दशकात संशोधकांनी त्या जुन्या सैनिकांचं रक्त पुन्हा तपासलं, तेव्हा अंदाज निघाला की लागण साधारण तीन लाख तीस हजार जणांना झाली असावी. शत्रूची एक गोळी न लागता.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. सैनिक रक्तदात्यांमध्ये हे संसर्ग किती असतात?

लोकांच्या मनात याची दोन टोकाची उत्तरं असतात. एक म्हणतो, जवानाचं रक्त म्हणजे शुद्धच, तपासायचं काय त्यात? दुसरा डोळा मिचकावून म्हणतो, घरापासून लांब राहणारी माणसं, काय सांगावं? दोघांचंही थोडं खरं आहे आणि बरंच चुकीचं आहे.

पहिल्याचं खरं काय? जवान भरती होतो तो तरुण वयात आणि कडक वैद्यकीय तपासणीतून. पुढे दरवर्षी त्याची तपासणी होते. तो पैशासाठी रक्त देत नाही. एके काळी आपल्याकडे रक्त विकणाऱ्यांचा धंदा होता. पैशाची गरज असलेला माणूस स्वतःचा आजार लपवतो, हे उघड आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून, पैसे घेऊन रक्त देण्यावर देशभर बंदी आली. तेव्हा आमच्या टेबलावर येणाऱ्या जवानांत रिॲक्टिव्ह पिशव्या थोड्याच निघायच्या, यात नवल नाही. चाळण आधीच दोन-तीनदा लागलेली असते.

दुसऱ्याचं खरं काय? संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाने १९९८ मध्ये जगभरच्या सैन्यांबद्दल लिहिलं होतं की शांततेच्या काळातसुद्धा सैनिकांमध्ये लैंगिक संबंधातून होणारे आजार त्याच वयाच्या नागरिकांपेक्षा दोन ते पाच पट दिसतात. तरुण वय, घरापासून दूर, हातात पगार, आणि धोका पत्करायची शिकवण. पण एवढंच नाही. बराकीतला एकच वस्तरा दहा जण वापरतात. सुट्टीवर जाताना जत्रेत नाव गोंदवून घेतात, आणि गोंदणाऱ्याची सुई किती जणांना लागलेली असते कुणास ठाऊक. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात, शरीराबाहेर, किमान सात दिवस तग धरतो. म्हणून गोंदवलेल्या माणसाला वर्षभर रक्त देऊ देत नाहीत.

आणि मलेरिया. ईशान्येत दोन वर्षं काढून आलेला जवान राजस्थानात जातो. त्याला ताप नाही, तो धडधाकट आहे, पण रक्तात थोडे जंतू असू शकतात. त्याच्यासाठी ते काहीच नाहीत. पण तेच रक्त ऑपरेशन झालेल्या पेशंटला गेलं तर? शिवाय तिथल्या डॉक्टरला मलेरियाची शंका पटकन येणारही नाही. म्हणून "गेल्या काही महिन्यांत कुठे होतास?" हा प्रश्न आमच्यासाठी नुसती चौकशी नव्हती. तो तपासणीचाच भाग होता.

आता आकड्यांकडे. आपल्या देशात हिपॅटायटिस बीचं प्रमाण राष्ट्रीय पाहणीनुसार साधारण शंभरात एक, हिपॅटायटिस सीचं साधारण तीनशेत एक, आणि प्रौढांत एचआयव्हीचं साधारण पाचशेत एक. ही सगळ्या जनतेची गोष्ट. रक्तदात्यांचा आकडा वेगळा असतो, कारण रक्तदाता हा निवडलेला माणूस. सैनिक रक्तदाता हा तर निवडलेल्यांतून पुन्हा निवडलेला. म्हणून सैनिक रक्तदात्यांच्या टक्क्यावरून साऱ्या सैन्याची तब्येत मोजता येत नाही, आणि सैन्याबद्दलच्या ऐकीव गोष्टींवरून रक्तदात्याची मोजता येत नाही. तरीही हे टक्के वर्षानुवर्षं लिहून ठेवावे लागतात. एखाद्या ठिकाणी आकडा अचानक चढला तर काहीतरी बिघडलंय, हे त्यातूनच कळतं. प्रश्न नीट विचारले जात नसतील, किंवा त्या भागात कुठेतरी सुई फिरत असेल.

पण आकडा कितीही लहान असला तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. एक पिशवी एका पेशंटला जात नाही. तिचे घटक वेगळे करतात. लाल पेशी एकाला, प्लेटलेट दुसऱ्याला, प्लाझ्मा तिसऱ्याला. एक चुकलेली पिशवी म्हणजे तीन घरं.

आता त्या १९९७ च्या पोराकडे परत जाऊ. त्याची चाचणी निगेटिव्ह असूनही मेजरसाहेबांनी पिशवी का नष्ट करायला लावली?

संसर्ग शरीरात शिरतो त्या दिवशी चाचणीत दिसत नाही. मधे काही दिवस असे असतात की रक्तातून रोग पसरू शकतो पण चाचणी निगेटिव्ह येते. इंग्रजीत याला विंडो पीरियड म्हणतात. मी नव्या पोरांना सांगायचो, चोर घरात शिरलाय पण अजून कुत्रं भुंकलेलं नाही, तो हा वेळ. एचआयव्हीची अँटीबॉडीवर चालणारी चाचणी असेल तर हा काळ साधारण तीन आठवड्यांचा, जुन्या किटमध्ये याहून जास्त. हिपॅटायटिस बीसाठी पाच-सहा आठवडे. हिपॅटायटिस सीची अँटीबॉडी दिसायला दोन महिनेसुद्धा लागतात. आता नॅट नावाची चाचणी आली आहे, ती थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधते. तिच्यामुळे हा काळ खूप कमी झाला, पण शून्य झाला नाही. आणि ती महाग असल्यामुळे सगळ्याच रक्तपेढ्यांत होत नाही.

म्हणजे पोरगा म्हणाला "महिन्यापूर्वी", आणि आमचं किट त्या महिन्याबद्दल खात्रीने काही सांगू शकत नव्हतं. ती खात्री फक्त त्याच्याकडे होती.

रक्त देताना सावधगिरी सुटली तर काय होतं, हे देशासमोर आलेलं एक प्रकरण आहे. २००२ मध्ये, ऑपरेशन पराक्रमच्या वेळी, हवाई दलातला एक जवान आजारी पडला. जम्मू भागातल्या सांबा इथल्या लष्करी रुग्णालयात त्याला एक युनिट रक्त दिलं गेलं. बारा वर्षांनी, २०१४ मध्ये, त्याला एचआयव्ही असल्याचं निघालं. वैद्यकीय मंडळाने त्याचा संबंध त्या रक्ताशी जोडला. पुढे त्याची नोकरी संपली आणि भरपाईसाठी त्याला लढावं लागलं. २६ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लष्कर आणि हवाई दल या दोघांनाही जबाबदार धरलं आणि सुमारे एक कोटी चोपन्न लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. त्या ठिकाणी रक्तसंक्रमणाचा तज्ज्ञ नेमलेला नव्हता, हेही त्या प्रकरणात पुढे आलं.

मी त्या रुग्णालयात कधी नव्हतो. पण निकाल वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. सव्वीस वर्षांत माझ्या हातून किती पिशव्या गेल्या असतील? आपल्या माणसाला वाचवायला आपल्याच माणसाने दिलेलं रक्त, आणि त्यातून हे. टक्केवारीत हा माणूस कुठे दिसतो? दशांश चिन्हानंतरच्या कुठल्यातरी घरात. त्याच्यासाठी मात्र ते प्रमाण शंभर टक्के होतं.

आता मी माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय हे बोलणं पुरं होणार नाही.

२००४ साल. उत्तरेकडच्या एका रुग्णालयात होतो, तेव्हा हवालदार होतो. शिबिरातल्या एका पिशवीत हिपॅटायटिस बी रिॲक्टिव्ह आलं. पिशवी बाजूला काढली, रजिस्टर भरलं. जवानाला पुन्हा तपासणीला बोलवायचं होतं. नियमाप्रमाणे त्याला स्वतःला, गुप्तपणे, डॉक्टरांसमोर बोलवायला हवं होतं. पण कामाची घाई. मी त्याच्या युनिटच्या क्लार्कला फोन लावला आणि म्हणालो, "या नंबरच्या जवानाला पाठवून द्या, त्याची कावीळ बी पॉझिटिव्ह आली आहे."

एवढंच वाक्य. संध्याकाळपर्यंत लंगरमध्ये त्याची थाळी आणि मग वेगळा झाला. रात्री त्याची खाट बराकीच्या टोकाला गेली. तो गढवालचा होता. त्याच्याच भागातला एक जण युनिटमध्ये होता, त्याने गावी कळवलं. महिनाभरात ठरलेलं लग्न मोडलं.

तो माझ्याकडे आला तेव्हा रागावलेला नव्हता, हे मला जास्त लागलं. हिंदीत म्हणाला, "साहेब, मला आजार आहे हे मला रक्त दिल्यामुळे कळलं, ते बरंच झालं. पण गावाला तुमच्यामुळे कळलं."

मी काय उत्तर देणार?

डॉक्टरांनी त्याला समोर बसवून समजावलं. हा आजार एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने, शेजारी झोपल्याने होत नाही. रक्तातून, लैंगिक संबंधातून आणि आईकडून बाळाला जन्माच्या वेळी होतो. आणि इथे एक गोष्ट आहे जी फार थोड्यांना माहीत असते. मोठ्या माणसाला हिपॅटायटिस बीची लागण झाली तर शंभरातल्या पंच्याण्णवांच्या शरीरातून तो निघून जातो. जन्मताच लागण झालेल्या बाळांत मात्र उलटं. शंभरातल्या नव्वदांच्या शरीरात तो कायम राहतो. म्हणजे जवानाच्या रक्तात जुना हिपॅटायटिस बी सापडला, तर तो त्याने कुठे 'बाहेर' मिळवलेला असण्यापेक्षा आईच्या पोटातून आलेला असण्याची शक्यता पुष्कळ वेळा जास्त. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याच्या घरच्यांनी तपासून घेतलं. आईला होता. बहिणीला नव्हता. तिला शून्य, एक आणि सहा महिन्यांचे तीन डोस दिले. त्याचं लग्न पुढे दुसरीकडे झालं, मुलीला आधी सगळं सांगून, लस देऊन. मला पत्र पाठवलं होतं त्याने. माझ्या त्या फोनचा त्यात उल्लेख नव्हता. त्या पत्राला उत्तर लिहायला मला फार दिवस लागले.

दुसरी गोष्ट. त्याच्या बाबतीत निकाल खरा निघाला. पण खोटा असता तर? इथे थोडं गणित करू, पाटीवर करण्याइतकं सोपं. समजा दहा हजार जवानांनी रक्त दिलं आणि त्यात खरोखर लागण झालेले फक्त दहा आहेत. चाचणी उत्तम आहे, पण हजार निरोगी माणसांत पाच जणांना चुकून रिॲक्टिव्ह दाखवते. म्हणजे दहा हजारांत जवळजवळ पन्नास निरोगी लोक रिॲक्टिव्ह दिसतील. खरे दहा आणि खोटे पन्नास, मिळून साठ. या साठांपैकी सहात फक्त एक जण खरा. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, पण हिशोब असाच चालतो. प्रमाण जितकं कमी, तितका पहिल्या चाचणीवर माणसाला शिक्का मारणं जास्त चुकीचं. रक्तपेढीची चाचणी पिशवीसाठी असते, म्हणून ती मुद्दाम कडक ठेवलेली. शंका आली की पिशवी फेका. माणसाचं निदान करायला पुढच्या चाचण्या वेगळ्या असतात. रिॲक्टिव्ह म्हणजे पिशवी नापास. माणूस नापास नव्हे.

आणि माणूस खरोखर बाधित निघाला तरी आज परिस्थिती वेगळी आहे. हिपॅटायटिस सी साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी शंभरात पंच्याण्णवाहून जास्त लोकांत पूर्ण बरा होतो. बीसाठी रोजची गोळी आहे, ती यकृत सांभाळते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात. एचआयव्हीची औषधंही मोफत आहेत, आणि ती वेळेवर घेणारा माणूस वर्षानुवर्षं काम करतो. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने अशा माणसाची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला बंदी आहे. औषधं आहेत, कायदा आहे. फक्त माझ्यासारखा फोन कुणी करता कामा नये.

त्या घटनेनंतर मी जिथे गेलो तिथे तीन गोष्टी धरून बसलो. लहान पदावरचा माणूस फार काही बदलू शकत नाही, पण टेबल कुठे ठेवायचं हे त्याच्या हातात असतं. पहिली गोष्ट, प्रश्न विचारायचं टेबल रांगेपासून लांब, पडद्याआड. हवालदार किंवा सुभेदार आत येणार नाही. दुसरी, तिथून परत पाठवलेल्या जवानाला आम्ही एकच कारण सांगायचो: "आज हिमोग्लोबिन कमी आहे, पुन्हा कधीतरी." बाहेर उभ्या असलेल्यांना खरं कारण कळायचं काही काम नाही. तिसरी, रक्त दिल्यावर प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी. त्यावर नाव नाही, फक्त पिशवीचा नंबर आणि दोन चौकोन. वापरा. वापरू नका. एकट्याने खूण करायची, घडी घालून डब्यात टाकायची. रांगेत 'नाही' म्हणायची हिंमत झाली नाही, तर इथे तरी म्हण.

एका सीओ साहेबांनी मला विचारलं होतं, "सुभेदारसाहेब, हे सगळं कशाला? माझे जवान खोटं बोलत नाहीत." मी म्हटलं, "सर, जवान खोटं बोलत नाही. पण हुकूम मिळाला की तो आधी पाय उचलतो." ते हसले, पण पुढच्या वेळी त्यांनी ऑर्डरमध्ये पन्नास हा आकडा लिहिला नाही. 'इच्छुकांनी यावे' असं लिहिलं. त्या दिवशी एकतीस आले. त्या एकतीस पिशव्या मला पन्नासांपेक्षा बऱ्या वाटल्या.

आता तुमच्याकडे वळतो, कारण हे फक्त छावणीचं नाही. तुमच्या मंडळाच्या शिबिरातही अशीच रांग असते. तिथे हवालदार नसतो, पण मंडळाचा अध्यक्ष असतो, ऑफिसातला साहेब असतो, फोटो काढणारा असतो, आणि "आपल्या चौकाने शंभर बाटल्यांचा विक्रम करायचा" असा फलक असतो. कुणी न देता परत फिरला तर "काय रे, घाबरलास?" म्हणून हसतात. त्या हसण्याला घाबरून एखादा माणूस खरं उत्तर गिळतो.

तेव्हा एवढं करा. विक्रमाचा आकडा जाहीर करू नका. प्रश्न विचारायची जागा आडोशाला ठेवा. परत फिरणाऱ्यालाही चहा-बिस्कीट द्या आणि काही विचारू नका. स्वतः रक्त देणार असाल तर 'फुकटात एचआयव्हीची तपासणी होईल' म्हणून देऊ नका. शंका असेल तर सरकारी केंद्रात मोफत आणि गुप्त तपासणी होते, तिथे जा. घरी परतल्यावर काही आठवलं, किंवा दोन दिवसांत ताप आला, तर रक्तपेढीला फोन करून सांगा. त्यात कमीपणा नाही. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर घ्या. आणि कुणाच्या रक्तात काही निघालं असं तुमच्या कानावर आलं, तर ते तिथेच थांबवा.

शेवटी त्या आसामच्या पोराचं सांगतो. मेजरसाहेबांनी त्याला तीन महिन्यांनी बोलावून घेतलं होतं, कारण युनिटला 'वजन तपासणी' असं कळवलं होतं. तो आला. रिपोर्ट निगेटिव्ह. साहेब म्हणाले, "छान. पण सध्या रक्त द्यायचं नाही." पुढच्या शिबिराच्या दिवशी तो सुट्टी असूनही आला आणि रक्त देऊन आलेल्यांना दूध-केळी वाटत दिवसभर उभा राहिला. कुणीतरी त्याला विचारलं, "तू नाही देत?" तो म्हणाला, "माझं हिमोग्लोबिन कमी आहे."

मी टेबलावरून मान वर केली नाही.

जय हिंद.